सभा मोडणारे आणि सभा सावरणारे

कौरवांच्या द्यूतसभेची कथा आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. पण त्या कथेतला विकर्ण फारसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. धृतराष्ट्राच्या शंभर पुत्रांपैकी हा एक. द्रौपदीने भर सभेत आपला प्रश्न विचारला आणि मोठमोठे वृद्ध खाली मान घालून बसले, तेव्हा हा एकटा उठला. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. कर्णाने त्याला अजाण पोर ठरवून गप्प केले, आणि पुढे काय झाले ते आपण जाणतोच. त्याच सभेत विदुराने एक गोष्ट बजावून सांगितली होती. सभेत बसलेला जाणता माणूस खरे काय ते ठाऊक असूनही तोंड उघडत नसेल, तर घडणाऱ्या पापाचा वाटा त्याच्याकडेही जातो, अशी ती गोष्ट.

सभा मोडली की आपण हुल्लड करणाऱ्यांकडे बोट दाखवतो. चार टवाळ पोरे आली, कोणी शिटी वाजवली, कोणी जोडा फेकला आणि सभा उधळली गेली, असे दुसऱ्या दिवशी गावभर होते. परंतु आपल्या महाराष्ट्रातल्या गाजलेल्या सभांचा इतिहास चाळला, तर विदुराचेच म्हणणे खरे वाटू लागते. ओरडणारे प्रत्येक सभेत चार असतातच. सभा टिकते की मोडते, हे न ओरडणाऱ्यांवर आणि विशेषतः अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या माणसावर अवलंबून असते.

सभेत मध्येच प्रश्न टाकून वक्त्याला भंडावणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘हेकलर’ म्हणतात. हा शब्द मुळात कारागिरांचा. जवसाच्या जातीच्या झाडाचे तंतू लोखंडी दात्यांच्या फणीने विंचरणारा तो हेकलर. स्कॉटलंडमधल्या डंडी गावचे हे कामगार मोठे चौकस होते असे सांगतात. काम चालू असताना एकाने वर्तमानपत्र वाचायचे आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला शंका काढायच्या, असा त्यांचा परिपाठ होता. म्हणजे मुळात हेकलर हा गुंता सोडवणारा माणूस होता. आपल्याकडे मात्र ‘हुर्यो उडवणे’ हाच शब्द रूढ झाला, आणि त्यात गुंता सोडवण्याचा भाव नाही.

पुणे शहर तर या बाबतीत पहिल्यापासून प्रसिद्ध. १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने त्यांची व्याख्याने झाली आणि शेवटी सप्टेंबरात मिरवणूक निघाली. सनातन्यांनी त्याच दिवशी एका गाढवाला सजवून ‘गर्दभानंदाचार्यांची’ स्वारी काढली. दगडचिखलाचा मारा झाला. जोतीराव फुले आपली माणसे घेऊन मिरवणुकीत सामील झाले. रानडे आणि फुले यांच्या मतांत अंतर होते, पण बोलणाऱ्याला बोलू दिले पाहिजे एवढ्यापुरते ते एका रस्त्याने चालले. सरकारी न्यायखात्यातले रानडे अंगावर चिखल घेऊन घरी परतले. पुढे आगरकरांची तर त्यांच्या हयातीतच प्रेतयात्रा काढली गेली. एवढे होऊनही पुण्यातली व्याख्याने बंद पडली नाहीत, कारण चिखल अंगावर घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला जाणारे लोकही त्याच पुण्यात होते.

पण सगळ्यांत गाजली ती सुरतेची सभा. डिसेंबर १९०७ मध्ये तेथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. हे अधिवेशन आधी नागपुरास व्हावयाचे होते. तेथे जहाल आणि मवाळ यांची जुंपली म्हणून ते सुरतेस नेले. २६ तारखेला अध्यक्षपदासाठी डॉ. रासबिहारी घोष यांच्या नावाची सूचना झाली आणि अनुमोदनास सुरेंद्रनाथ बॅनर्जी उठले. बंगालचा हा सिंह! त्यांच्या आवाजाने मैदाने भारून जात. त्यांनाही त्या दिवशी मंडपाने बोलू दिले नाही आणि बैठक तहकूब करावी लागली.

दुसऱ्या दिवशी जे घडले, त्यातला जोडा सर्वांना आठवतो. चिठ्ठी मात्र कोणाला आठवत नाही. लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवली होती. अध्यक्षांच्या निवडीच्या सूचनेवर आपल्याला बोलायचे आहे आणि बैठक तहकुबीची सूचना मांडायची आहे, असा तिचा मजकूर. तिला उत्तर आले नाही. आठवण दिली, तरी उत्तर नाही. निवड झाल्याचे जाहीर झाले, घोष भाषणासाठी उठले, तेव्हा टिळक व्यासपीठावर चढले आणि आपला हक्क मागू लागले. तुम्हांला बोलता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. टिळक हाताची घडी घालून तेथेच उभे राहिले. त्यांच्या अंगावर काही माणसे धावून आली, तेव्हा त्यांना आड घेण्यासाठी पुढे झाले ते गोपाळ कृष्ण गोखले! ज्यांच्याशी जन्मभर वाद केला, त्यांच्यासाठी गोखल्यांनी हात पसरले. इतक्यात मंडपातून एक जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला चाटून सर फिरोजशहा मेहतांना लागला. हेन्री नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तेथे हजर होता. तो जोडा मराठी थाटाचा, तांबड्या कातड्याचा होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या आणि पोलिसांनी मंडप रिकामा केला. फुटलेली राष्ट्रीय सभा पुन्हा एक व्हायला १९१६ चे लखनौ उजाडावे लागले.

जोडा कोणी फेकला यावर पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु सभा चालवणाऱ्याने त्या चिठ्ठीकडेच पाहावे. चूक कोणत्या पक्षाची हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एवढे खरे की बोलण्याची परवानगी रीतसर मागणाऱ्याला रीतसर ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळाले नाही. उत्तर न मिळालेली चिठ्ठी हातात राहिली म्हणजे माणूस उठून उभा राहतो, आणि तो उभा राहिला की त्याच्यामागे सारा मंडप उभा राहतो.

नियमांचे महत्त्व अमेरिकेतल्या एका गृहस्थाने अनुभवाने ओळखले होते. हेन्री रॉबर्ट हा लष्करातला अभियंता. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावी त्याला अचानक एका सभेचे अध्यक्ष केले गेले. सभा त्याच्या हाताबाहेर गेली. त्याला इतकी लाज वाटली की सभाशास्त्र शिकल्याशिवाय पुन्हा सभेला जायचे नाही, असा त्याने निश्चय केला. १८७६ मध्ये त्याने सभेच्या नियमांचे पुस्तक छापले. सूचना, अनुमोदन, उपसूचना, तहकुबी यांचा क्रम लावून देणारे ते पुस्तक आजही जगभर वापरात आहे. पण नियमांनी वक्त्याला वेळ मिळवून देता येतो, श्रोत्यांचे कान मिळवून देता येत नाहीत. ही गोष्ट ज्या सभेने शिकवली, ती आम्हा मराठवाड्यातल्या माणसांच्या फार जवळची आहे.

नोव्हेंबर १९२१. पूर्णा, परभणी, नांदेड हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आमच्या गावाहून आगगाडी निघे ती गोदावरीच्या खोऱ्यातून थेट हैदराबादेकडे, आणि शिकू पाहणारा तरुण त्याच गाडीने राजधानी गाठी. संस्थानात जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलणारे, सुमारे पाव हिस्सा मराठी आणि त्याहून थोडे कानडी. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दूच. आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता येत नाही, हे शल्य मराठी माणसाला रात्रंदिवस टोचत होते. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशा मंडळींनी १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा काढली ती या पार्श्वभूमीवर. कोरटकर तर आमच्याच शेजारच्या वसमत भागातले.

त्याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्ष होते धोंडो केशव कर्वे. विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून ज्यांना त्यांच्या मुरूड गावाने वाळीत टाकले होते, पुण्याच्या रस्त्यांतून पायी हिंडून ज्यांनी अनाथ बालिकाश्रमासाठी पै-पै जमवली, ते हे कर्वे. यापेक्षा सोशिक अध्यक्ष कोणत्या सभेला मिळणार? श्रोतेही निवडक, शिकलेले, वकील आणि शिक्षक, समाज सुधारावा म्हणून जमलेले. इंग्रजीत, उर्दूत, मराठीत भाषणे झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील एका ठरावावर बोलण्यास उठले आणि आपल्या मातृभाषेत, तेलुगूत बोलू लागले.

श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. टाळ्या पिटल्या, गलका केला. हे करणाऱ्यांत मराठी भाषिक पुढे होते. वेंकटरामरावांचे भाषण त्या गोंगाटात बुडाले.

क्षणभर थांबून हा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा असा आहे. जोडा उडाला नाही, काठी उठली नाही. पोलिसांना बोलवावे लागले नाही. कदाचित घरी गेल्यावर त्या श्रोत्यांना आपण काही केले याची आठवणही राहिली नसेल. ज्यांची स्वतःची भाषा दरबारात हिणवली जात होती, त्यांनीच शेजाऱ्याची भाषा भर सभेत हिणवली. आणि ज्या राज्यात निम्मी प्रजा तेलुगू बोलत होती, त्या राज्याच्या राजधानीत हे घडले!

पण ज्यांना लागले ते विसरले नाहीत. तेलुगू मंडळी तेथून उठली आणि त्याच रात्री टेकमाल रंगाराव यांच्या घरी जमली. माडपाटी हनुमंतराव, बूर्गुल रामकृष्णराव यांच्यासारखी पुढे नावारूपाला आलेली माणसे त्यांत होती. मोजक्याच लोकांच्या त्या बैठकीत ‘आंध्र जनसंघ’ जन्मास आला. भाषणाचा सूड भाषणाने घ्यावा असे त्यांच्या मनात आले नाही. त्यांनी गावोगाव ग्रंथालये काढण्यास, तेलुगू शाळांस, जुने शिलालेख आणि पोथ्या गोळा करण्यास हात घातला. १९२६ साली सुरवरम प्रतापरेड्डी यांनी ‘गोलकोंडा पत्रिका’ काढली. तेलंगणात तेलुगू कवीच नाहीत, असे कोणी एकाने लिहिले, तेव्हा प्रतापरेड्डींनी वाद घातला नाही. १९३४ मध्ये त्यांनी ३५४ तेलंगणी कवींचा एक संग्रहच छापून काढला. हिणवणाऱ्याला यापेक्षा सुंदर उत्तर मला तरी ठाऊक नाही.

जनसंघातून आंध्र महासभा उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन १९३० साली जोगीपेठेला प्रतापरेड्डींच्याच अध्यक्षतेखाली झाले. मराठी माणसांची महाराष्ट्र परिषद १९३७ मध्ये परतूरला भरली. परतूर तेव्हा आमच्याच परभणी जिल्ह्यात होते. कानडी लोकांनीही आपली परिषद काढली. तीन भाषांच्या तीन सतरंज्या निराळ्या झाल्या. १९३८ साली स्टेट काँग्रेस उभी करताना या तिघांना पुन्हा एकत्र बसवण्याचा खटाटोप करावा लागला, आणि निजाम सरकारने तर तिच्यावर जन्मतःच बंदी घातली. एका सभेतल्या गलक्यामुळे हे सारे झाले, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. भाषेची जाणीव त्या काळी देशभर जागी होत होती, आणि तेलुगू समाजाचे तर या जागृतीने कल्याणच झाले. तोटा झाला तो गलका करणाऱ्यांचा. एकाच जुलमाखाली भरडला जाणारा सोबती आपल्या घरातून उठून गेला, आणि तो का उठला हे कळायलाही त्यांना वेळ लागला.

माझ्यासारख्या शिक्षकाला ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकाबाहेरही भेटते. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. नोकरीनिमित्त आलेल्या तेलुगू घरांतली मुले आमच्या शाळांत मराठी शिकतात. एखादे मूल उभे राहून ‘माझी पुस्तक’ म्हणते आणि वर्ग खो-खो हसतो. त्या वेळी हसणाऱ्यांवर छडी उगारून उपयोग नसतो. त्याने हसू दबते, पण उभे असलेले मूल आणखी लाजते. अशा वेळी शिक्षकाने त्या मुलाकडेच पाहत राहावे आणि शांतपणे म्हणावे, ‘हं, पुढे बोल.’ त्याचे वाक्य पुरे झाले की वर्गाला कळते की येथे प्रत्येकाचे वाक्य पुरे होणार आहे. सभेच्या अध्यक्षाचे काम याहून फार निराळे नाही.

हे काम कसे करावे, याचा वस्तुपाठ महाडने घालून दिला. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर मंदिरात शिरण्याचा बेत असल्याची खोटी आवई उठवून सवर्ण गुंडांनी त्या निःशस्त्र लोकांवर हल्ला केला. कित्येकांची डोकी फुटली. त्या वेळीही चवताळलेल्या आपल्या तरुणांना आवरले ते बाबासाहेबांनीच. डिसेंबरात तेथेच पुन्हा परिषद भरली. मधल्या काळात तळ्यावर जाण्यास कोर्टाने तात्पुरती मनाई केली होती. मंडपातला जनसमुदाय सत्याग्रहासाठी आतुर झालेला, आणि अशा वेळी जिल्ह्याचा कलेक्टर सत्याग्रह करू नका असे सांगण्यासाठी परिषदेत आला.

त्याला हुसकावून लावणे किती सोपे होते! नुसते ‘बसा खाली’ म्हणून चार जण ओरडते, तरी पुरे होते. परंतु बाबासाहेबांच्या सभेने त्याला बोलू दिले. ज्यांना माणूस म्हणून कोणी कधी ऐकले नव्हते, त्यांनी विरुद्ध बाजूचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग आपल्यातल्याही अनेकांना बोलू दिले. पुष्कळ खल झाला आणि लढा कोर्टात चालवावा, सत्याग्रह तूर्त तहकूब ठेवावा, असे ठरले. लोक मिरवणुकीने तळ्याभोवती फिरून शिस्तीने परतले. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला तो अस्पृश्यांच्या बाजूने. शिकलेल्यांच्या विवेकवर्धिनीत जे साधले नाही, ते महाडच्या अक्षरशत्रू शेतमजुरांनी साधले.

आता नाण्याची दुसरी बाजू. कधी कधी सभा श्रोते मोडत नाहीत, व्यासपीठच मोडते. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईच्या चौपाटीवर काँग्रेसची सभा होती. राज्य पुनर्रचनेचा प्रश्न पेटलेला, मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही या चिंतेने गिरणगाव तापलेला. स. का. पाटील आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाई बोलावयास उभे राहिले. मुंबई महाराष्ट्राला कधीही मिळणार नाही, अशी आव्हानाची भाषा त्यांनी समोरच्या लाखालाखाच्या दुःखावर फेकली. दगड आले, वहाणा आल्या आणि सभा गुंडाळावी लागली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला आणि पंधरा माणसे गेली. दगडाचे समर्थन कोणीही करू नये. पण दुखऱ्या जागेवर बोट ठेवून वर ‘ओरडू नका’ म्हणणाऱ्या वक्त्याला सभा आवरता येत नाही, हेही तितकेच खरे.

या सर्वांतून सभा चालवणाऱ्याने काय घ्यावे? सर्वच व्यत्यय आणणाऱ्यांना एका मापाने मोजू नये. एकाला खरोखर शंका असते. त्याला वेळ सांगावी आणि ती पाळावी. सुरतेची चिठ्ठी आठवावी. दुसऱ्याला चार लोकांनी आपल्याकडे पाहावे एवढेच हवे असते. त्याला नावाने हाक मारून एखादे काम सोपवले की तो सभेचाच होतो. आमचे जुने कीर्तनकार यात वाकबगार असत. मागे कुजबूज वाढली की बुवा कोणाला रागावत नसत. ते नामाचा गजर सुरू करीत. बोलणारी तोंडे विठ्ठल-विठ्ठल म्हणू लागली की कुजबूज आपोआप विरे, आणि बुवा सोडलेले आख्यान पुन्हा हाती धरीत. तिसरा कोणीतरी पाठवलेला असतो. त्याच्याशी वाद घालू नये, कारण वाद हेच त्याला हवे असते. आपले बोलणे थांबवून शांत उभे राहावे. बाकीचे श्रोतेच त्याला बसवतात.

चौथा प्रकार सर्वांत अवघड, कारण तो एका माणसाचा नसतो. सारी सभा मिळून एकाला हसते, तो हा प्रकार. येथे श्रोते अध्यक्षाचेच असतात, त्याच्याच भाषेचे, त्याच्याच जातीचे, त्याच्याच मताचे. परक्यांना दटावणे सोपे असते, आपल्या माणसांना दटावण्यास छाती लागते. आज आपल्या गावोगावी ग्रामसभा भरतात. एखादी बाई पाण्याचा किंवा रेशनचा प्रश्न घेऊन उठते आणि मागून खसखस पिकते. महाराष्ट्राच्या कायद्याने ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असे ठरवले आहे, त्यामागे हेच कटू सत्य आहे. कायद्याने तिला बोलण्याची जागा दिली. त्या जागेवर तिचे वाक्य पुरे होऊ देणे मात्र सरपंचाच्या आणि शेजारी बसलेल्या चौघांच्या हाती आहे.

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघरी माणसे जमतील. फराळाच्या ताटाभोवतीही सभाच भरते. तेथेही कोणी धाकटा, कोणी नवी सून, कोणी परप्रांतातून आलेला जावई काही सांगू लागेल आणि मोठ्यांच्या हसण्यात त्याचे बोलणे बुडेल. त्या वेळी कोणीतरी एकाने त्याच्याकडे वळून ‘हं, पुढे काय झाले?’ एवढे विचारावे. १९२१ च्या त्या नाट्यगृहात एवढेच कमी पडले होते.